जेवणानंतर लिहिलेला प्रश्न

कबनूरात लाईट गेली की सगळे माग एकदम थांबतात. मग गल्लीत शिव्या ऐकू येतात, कारण मजुरी कापडाच्या मीटरवर असते, थांबलेल्या मागाची कोण देणार. आमच्या खोलीत मात्र उलटं होतं. लाईट गेली की ह्यांचा चेहरा मोकळा व्हायचा. हे म्हणजे माझे मालक, माझा नवरा. कानाभोवती बांधलेला टॉवेल सोडायचे, भिंतीला टेकून बसायचे आणि पोरीला हाक मारायचे. पोरगी आधी माझ्याकडं बघायची, जाऊ का म्हणून. मी मान हलवली की जायची. मांडीवर नाही बसायची, शेजारी बसायची. लाईट आली की कुणी न सांगता उठून माझ्यामागं यायची. चार वर्षांचं लेकरू, पण एवढं शिकलं होतं.

आम्ही परभणीकडचे. गावात काम नव्हतं म्हणून लग्नानंतर इकडं आलो. हे माग चालवायचे, मी खोली सांभाळायची. माझी शाळा सातवीत सुटली, पण मला वाचायला आवडतं, पुड्याचा कागदसुद्धा वाचते. इकडची माणसं पहिल्यांदा भांडल्यासारखीच वाटायची. दुकानात गेलं की "काय पावणं, काय पायजे?" असं जोरात विचारायची, मी दचकायची. नंतर कळलं की हे भांडण नाही, इथं बोलतातच असं.

दोन वर्षांखाली रातपाळी करून हे सकाळी दुसऱ्या कामगाराच्या गाडीवर मागं बसून येत होते. धुकं होतं. पुढं उसाची ट्रॉली उभी होती, तिला मागं ना दिवा ना काही. गाडी चालवणाऱ्याचा हात मोडला. हे डोक्यावर पडले.

पुढचं सगळं कोल्हापुरात, मोठ्या दवाखान्यात झालं. मेंदूला सूज होती म्हणून कवटीचा एक तुकडा काढला आणि तो नासू नये म्हणून पोटाच्या कातडीखाली ठेवला. सूज उतरल्यावर परत बसवला. मी हे फोनवर सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माणूस हाय का घड्याळ?"

ह्यांना वाचवलं. हे मी कधी विसरत नाही. तिथल्या एका सिस्टरनं मला स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली. ज्यांच्या कारखान्यात हे कामाला होते त्या शेठनी खोली रिकामी करायला लावली नाही, उलट मला शेजारच्या शेडमध्ये कांड्या भरायच्या कामावर घेतलं. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडं सरकतो त्या धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी. एवढे उपकार झाल्यावर माणसानं तोंड उघडून आणखी काही मागायचं म्हणजे मला भीतीच वाटायची. जास्त विचारलं तर डॉक्टर चिडतील, म्हणतील, चालता-बोलता करून दिला की तुझा माणूस, आता काय पाहिजे?

आणि ते खरंच होतं. हे चालत होते, बोलत होते, हातानं जेवत होते. फक्त घरी आलेला माणूस वेगळा होता. आमचे हे आधी भिडस्त, चहासुद्धा दुसऱ्यांदा मागायचे नाहीत. आता ताट आपटायचे. नको तिथं हसायचे. सांगितलेलं संध्याकाळी विसरायचे. आणि आवाज सोसायचा नाही. कबनूरात आवाज सोसत नसेल तर माणसानं जायचं कुठं? इथं भिंतीला हात लावला तरी मागाची थरथर लागते. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, अंगारा लाव, बाहेरचं काहीतरी हाय. आमच्या घरात ते चालत नाही. सासूबाई तर म्हणाल्या, "आपल्या विहारात बसून वाढलेलं पोरगं हाय ते. त्याच्या डोक्याला ट्रॉली लागली, भूत न्हाई लागलं."

मग एका दुपारी मी पाणी प्यायला शेडमधून खोलीत आले. पोरगी कशासाठी तरी रडत असणार. ह्यांनी तिच्या तोंडावर हात ठेवला होता. पंजा मोठा, नाकही झाकलं होतं. रागात नव्हते हो. तोंड भिंतीकडं होतं. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून आपण हात लावून धरतो ना, तसा धरला होता. मी हात ओढून काढला तेव्हा माझ्याकडं बघून म्हणाले, "आवाज येत होता."

शेजारणीनं सासूबाईंना फोन केला. सासूबाईंनी मला केला. "लेकरू मी घेऊन जाते," म्हणाल्या. "हे बी माझंच अन् ते बी माझंच. पण दोघं एका खोलीत नको." ह्यांना गावी न्यावं तर झटक्याच्या गोळ्या इकडच्या दवाखान्यातून, दाखवायला इकडंच यायचं, आणि गावात मला काम कोण देणार. म्हणजे पोरीनंच जायचं. मी त्यांना म्हणाले, जरा थांबा. कोल्हापुरात डॉक्टर लोकांची बैठक आहे, मला बोलावलंय. तिथं विचारते. हे आणखी सुधारणार असतील, एवढ्या महिन्यांनी राग जाईल असं कुणी सांगितलं, तर तेवढे दिवस मी काहीतरी करीन, तिला शेडमध्ये घेऊन बसेन. सासूबाई म्हणाल्या, "विचार. रविवारी मी निघते, त्याच्या आधी विचार."

बैठकीचं मला दवाखान्यातल्या मॅडमनी सांगितलं होतं, ह्यांचा व्यायाम घ्यायच्या त्या. मेंदूला आणि मणक्याला मार लागलेल्यांसाठी इथून पुढं कशाकशावर संशोधन करायचं, आधी काय, नंतर काय, हे ठरवायचं होतं. आणि ते नुसत्या डॉक्टरांनी नाही, पेशंट आणि घरच्यांनी मिळून. मी म्हणाले, "मॅडम, मी सातवी." त्या म्हणाल्या, "घरी काय होतं ते सातवीवाल्यालाच माहीत आहे, मला नाही."

बैठक शाहूपुरीत एका हॉलमध्ये होती. पोरीला शेजारणीकडं ठेवून ह्यांना घेऊन गेले. गोल टेबलं मांडली होती. प्रत्येक टेबलाला एकेक घर बसवलं, पेशंट आणि त्याचं माणूस शेजारीशेजारी. पुण्याहून आलेले एक मोठे डॉक्टर होते, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी हात जोडून सांगितलं, "तुम्हाला सगळ्यांत जास्त त्रास कशाचा होतो ते बोला. जे तुम्ही बोलाल त्याचा प्रश्न करून आम्ही जाड कागदावर लिहू. दुपारनंतर त्यातले वर कुठले, खाली कुठले ते लावू."

आमच्या टेबलावर गडमुडशिंगीच्या एक काकू होत्या, मुलाला घेऊन आलेल्या. मुलगा गोठ्याच्या पत्र्यावरून पडला होता, कमरेखाली काही राहिलं नव्हतं. चाकाच्या खुर्चीत बसला होता, छाती पैलवानाची आणि पाय काड्या.

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कुठली गं तू? तुझं बोलनं आमच्या हिकडचं न्हाय."

"परभणीकडची."

"आगं बया. एवढ्या लांबनं येऊन डोकं फोडून घेतलासा व्हय?"

हे मोठ्यानं हसले. काकूही हसल्या. मला बरं वाटलं, कारण ह्यांचं ते हसणं जागेवरचं होतं.

मॅडम आमच्याकडं आल्या, पेन उघडून. काकूंना विचारलं. काकूंनी मुलाकडं बघितलं. "चालाय लागूदे की झालं. दुसरं काय मागनं न्हाय." मॅडमनी लिहिलं, पुन्हा चालता येण्यासाठी काय करता येईल. असले कागद सगळ्या टेबलांवर झाले होते, मला दिसत होतं.

मग माझ्याकडं वळल्या. हे माझ्या शेजारी, टॉवेल मांडीवर घेऊन बसलेले, माझ्या तोंडाकडं बघत. मी अख्ख्या प्रवासात वाक्य पाठ केलं होतं. ते बाहेर आलंच नाही.

"बरं आहे," मी म्हणाले. "चालतात, जेवतात. डॉक्टरांचे उपकार आहेत."

मॅडम थांबून राहिल्या. "काहीच त्रास नाही?"

"वास येत नाही त्यांना," मी म्हणाले.

हे खोटं नव्हतं. मार लागल्यापासून ह्यांना वास येत नाही. एकदा आंबलेली आमटी खाऊन बसले होते. मॅडमनी लिहिलं, डोक्याच्या मारानंतर गेलेला वास परत येतो का. हे म्हणाले, "बरोबर. गॅस सुटला तरी मला कळायचं नाही." आणि खूश झाले, की आपल्याबद्दल काहीतरी लिहिलं गेलं. मी हात मांडीखाली दाबून बसले. रविवार जवळ होता आणि मी वासाचं विचारून मोकळी झाले होते.

दुपारी जेवणं. कुणीतरी ओरडलं, "आधी पेशंट आणि पुरुष माणसं बसूद्यात." आमच्यात तसंच असतं, कुणाला वावगं वाटलं नाही. आम्ही बायकांनी पदर खोचले, भात-आमटी वाढली, मॅडमही आमच्याबरोबर वाढत होत्या. त्यांची जेवणं झाल्यावर कॉलेजच्या मुलांनी पेशंटना पलीकडच्या खोलीत आडवं व्हायला नेलं. पुरुष माणसं पान खायला खाली उतरली. मग आम्ही सतरंजीवर बसलो. नुसत्या बायका.

काकूंनीच सुरू केलं. आमटी ओरपत म्हणाल्या, "चालाय लागूदे म्हनलं मी. पोरगं चालनार न्हाय, मला काय कळत न्हाय व्हय? रोज सकाळी हातात पिशवी घालून मी त्याची संडास काढतो." तिकडं बायकासुद्धा काढतो, जातो असंच म्हणतात. "तिशीचा पोरगा. तोंडावर चादर घेतोय. आई हाय म्हनून करतो. माझा हात थरथराय लागलाय. मी गेलो की कोन करनार, हे डॉक्टरला इचारायचं हुतं."

"सून?" कुणीतरी विचारलं.

"सून शानी. गेली."

बायका हसल्या. ते हसणं संपेपर्यंत दुसरी बोलायला लागली होती. तिच्या नवऱ्याच्या कमरेला जखम पडली होती, पाठीवर झोपून झोपून, आत हाड दिसायचं. ती म्हणाली, वास लपवायला मी उदबत्ती लावते, पाहुण्यांना वाटतं देवभक्त झालो आम्ही. आणखी एकीचा नवरा डोक्याच्या मारानंतर तिला ओळखायचा, पण सख्ख्या भावाची बायको म्हणून ओळखायचा.

काकू म्हणाल्या, "सांगायचं कसं त्येस्नी? वाचिवला तुम्ही खरं, पर आता ह्येला ठेवू कुठं?"

त्यावर मी बोलले. कसं बोलले माहीत नाही. तोंडावरचा हात, भिंतीकडं बघणं, सासूबाई, रविवार, सगळं. ताटात बघत बोलले. कुणी च् च् केलं नाही. काकूंनी फक्त माझ्या ताटात भात वाढला, मी नको म्हणत असताना.

मॅडम आमच्याच पंगतीत होत्या. त्यांचा हात ताटात तसाच राहिला होता. म्हणाल्या, "हे सकाळी का नाही सांगितलंत तुम्ही कुणी?"

"पोराच्या तोंडावर?" काकू म्हणाल्या. "तू सांगशील काय, नवऱ्याला शेजारी बसवून, त्यो घरात कसा हाय त्ये?"

मॅडम ताटावरून उठल्या. हात धुतले आणि सरळ मोठ्या डॉक्टरांकडं गेल्या. लांबून दिसत होतं, डॉक्टर घड्याळ दाखवत होते, मॅडम मान हलवत होत्या. शेवटी डॉक्टरांनी दोन्ही हात वर केले, करा तुम्हाला काय करायचं ते, असे. बैठकीत ठरलेलं बाजूला ठेवून आम्हा बायकांना वरच्या खोलीत वेगळं बसवलं, दार लावलं आणि कागद पुन्हा लिहायला घेतले.

मी म्हणाले, "लेकराला त्यांच्याजवळ ठेवू का नको, एवढंच लिहा."

मॅडमनी लिहून मला वाचायला दिलं. "डोक्याला मार लागलेल्या माणसाचा राग कशाने आणि किती दिवसांत कमी होतो? घरातलं मूल त्याच्याजवळ सुरक्षित आहे की नाही, हे आधी कसं ओळखायचं?" मी परत परत वाचलं. माझंच होतं, पण घडी घातलेल्या कपड्यासारखं दिसत होतं. माझी एवढी वर्षं समजूत होती की असल्या गोष्टी आपल्या घरातल्या असतात, लाजेच्या असतात. त्या कागदावर बसतील असं वाटलं नव्हतं.

नंतर सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. कागद फरशीवर मांडले. डॉक्टर एकेक उचलून मोठ्यानं वाचायचे, कुणाचा ते सांगायचे नाहीत, आणि सगळ्यांनी बोलायचं, वर की खाली. वासाचा कागद खाली गेला. मला त्याचं जरा वाईट वाटलं, तोही खराच होता.

काकूंचा कागद आला. अंथरुणावरच्या माणसाची शी-शू काढणाऱ्या आईला मदत कशी मिळेल, आणि तिच्यानंतर कोण. डॉक्टरांनी तो हळू वाचला. काकू छताकडं बघायला लागल्या. मग चाकाच्या खुर्चीतून त्यांचा मुलगा म्हणाला, "त्यो वर ठेवा. चालायचा खाली घ्या."

"तू गप बस रं," काकू म्हणाल्या.

"माझंच हाय की त्ये. मला कळतंय कुनी लिवलंय." आणि परत म्हणाला, "वर ठेवा."

वर ठेवला. काकूंनी पदर तोंडावर घेतला तो बराच वेळ काढला नाही.

माझा कागद वाचला तेव्हा मी ह्यांच्याकडं बघितलं नाही. बोलणारे पुष्कळ निघाले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, माझा मुलगा मला मारतो, मी पडलो म्हणून सांगतो सगळ्यांना. कागद वर वर सरकत पहिल्या ओळीत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आवाज झाला तसा ह्यांनी कानाला टॉवेल लावला.

सगळं आवरत होतं तेव्हा मी डॉक्टरांजवळ गेले. गणिताच्या पुस्तकात शेवटच्या पानांवर उत्तरं असायची, ती मास्तर उघडू देत नसत. मला वाटलं, आता प्रश्न निवडला, आता ते पान उघडणार.

"साहेब, पहिल्या ओळीतला तो रागाचा, तो माझा. मग सांगा ना, किती दिवसांत जातो?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "ताई, ते आम्हाला माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच तो वर ठेवला."

"पुण्यात कुणाला असेल?"

"कुणालाच नीट माहीत नाही. त्यासाठीच काम करायचं आहे. काही वर्षं लागतील."

चिडले नाहीत ते. तसा माणूस चांगला. मी हात जोडले. उत्तर मिळालं नाही, पण एक सांगते, खाली उतरताना थोडं हलकंही वाटलं. दोन वर्षं मी समजत होते की डॉक्टरांना सगळं ठाऊक आहे, मी अडाणी म्हणून मला सांगत नाहीत, किंवा विचारायची रीत मला जमत नाही. तसं नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. पण माझी पोरगी काही वर्षं थांबू शकत नव्हती.

परतीच्या एसटीत हे खिडकीशी बसले. हातकणंगल्याच्या पुढं म्हणाले, "तो लेकराचा कागद तुहा व्हता ना?"

"हो."

"मी काय केलतं तिला? मला आठवत न्हाई."

मी सांगितलं. कमीजास्त न करता सांगितलं. ह्यांनी आपला पंजा उघडून बघितला, मग मांडीखाली घातला, सकाळी मी घातला होता तसा.

थोड्या वेळानं म्हणाले, "मायला फोन लाव. लेकरू घेऊन जा म्हणावं."

सासूबाई रविवारी निघून दुसऱ्या दिवशी पोचल्या. पोरीचे कपडे मी भरले. हे शेडच्या मागं जाऊन उभे राहिले, ती जाईपर्यंत आले नाहीत. मला वाटलं, त्यांनीच ठरवलं, म्हणजे निदान ह्या गोष्टीचा आमच्यात वाद राहणार नाही. पण ठरवलेलं त्यांच्या डोक्यात टिकलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी विचारलं, पोरगी कुठं? अजूनही विचारतात. आजीकडं, मी सांगते. कधी म्हणतात, बरं केलं. कधी ताट जातं भिंतीवर. तुम्हीच म्हणाला होता, असं मी आता सांगत नाही.

मॅडमचा मध्ये फोन आला होता. पहिल्या ओळीतल्या प्रश्नांवर पुढचं काम सुरू व्हायचं आहे, घरी येऊन माहिती घेतली तर चालेल का, म्हणाल्या. मी या म्हणाले. आमच्या कामाला नाही आलं तरी दुसऱ्या कुणाच्या लेकराला येईल.

दिवेलागणीला गावाकडून फोन येतो. आजी म्हणते, लेकरू झोपत नाही. तिकडं शांत आहे सगळं, आणि ती जन्मल्यापासून मागाच्या खडखडाटात झोपलेली. पोरगी म्हणते, आई, आवाज दे. मी खिडकी उघडते आणि फोन शेडकडं धरते. कोपऱ्यात हे टॉवेल आणखी आवळून बांधतात, भिंतीकडं तोंड करतात, पण खिडकी बंद कर म्हणत नाहीत. पलीकडून काही ऐकू येईनासं झालं, की मग मी खिडकी लावते.